सोलापुरात बसून वायरलेस स्पेक्ट्रमच्या रिसर्चला सुरुवात कशी करायची

इथल्या ईएनटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंगच्या पोरापोरींचे दर दोन-चार दिवसांनी मेसेज येतात, ताई स्पेक्ट्रममध्ये रिसर्च करायचाय, कुठून सुरू करू, आणि मी प्रत्येकाला तेच तेच टाईप करत बसते, म्हणून म्हणलं एकदाच नीट लिहून टाकावं. मी इथलीच, शाळा कॉलेज सगळं सोलापुरातच झालं, आणि आता काही वर्षं स्पेक्ट्रम सेन्सिंगवर काम करते. खाली जे लिहिलंय ते मी ज्या क्रमानं करायला हवं होतं त्या क्रमानं लिहिलंय, मी स्वतः बरंच उलटं केलं आणि त्यात वर्ष-दीड वर्ष गेलं.

आधी विषय काय आहे ते नीट समजून घ्या

हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुण्याला गेलाय ना कधी? सोलापूरहून गाडी सुटते तेव्हा रिझर्व्हेशनच्या डब्यात काही सीट रिकाम्या असतात, कारण त्या कुर्डुवाडीपासून बुक झालेल्या असतात. तुम्ही उभे असाल तर काय करता, बसता. कुर्डुवाडी आली, सीटवाला आला की गुपचूप उठता आणि दुसरी बघता. कुणाचं नुकसान नाही, आणि तेवढा वेळ सीटही वाया गेली नाही.

रेडिओ स्पेक्ट्रमचं अगदी हेच आहे. जवळपास प्रत्येक फ्रिक्वेन्सी कुणाच्या तरी नावावर आहे, मोबाईल कंपनी, दूरदर्शन, रेल्वे, पोलीस, सैन्य, विमानं. कागदावर गाडी फुल्ल. पण प्रत्यक्षात मोजायला गेलं तर बऱ्याच सीट बऱ्याच ठिकाणी बराच वेळ रिकाम्या. अमेरिकेत एफसीसी या स्पेक्ट्रमचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या टास्क फोर्सनं २००२ मध्ये हेच मांडलं, की टंचाई फ्रिक्वेन्सीची कमी आणि ती वाटण्याच्या पद्धतीची जास्त आहे. त्याच्या आधी १९९९ मध्ये जोसेफ मिटोला आणि जेराल्ड मॅग्वायर यांनी कॉग्निटिव्ह रेडिओची कल्पना लिहिली होती, म्हणजे असा रेडिओ जो आजूबाजूला काय चाललंय ते ओळखून स्वतःला बदलतो. सीटवाला म्हणजे प्रायमरी युजर, आपण बसणारे सेकंडरी युजर, आणि ‘सीट रिकामी आहे का’ हे बघणं म्हणजे स्पेक्ट्रम सेन्सिंग.

आता खरी अडचण बघा. सीट रिकामी दिसते, तुम्ही बसता, पण सीटवाला खाली प्लॅटफॉर्मवर चहा घ्यायला उतरलेला असतो. तुम्हाला तो दिसला नाही म्हणून तो नाही असं होत नाही. यालाच हिडन नोड म्हणतात. तुमचा रेडिओ एखाद्या बिल्डिंगच्या मागे आहे, टीव्ही टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत पोचत नाही, तुम्ही म्हणता चॅनल रिकामा आणि ट्रान्समिट करता, आणि पलीकडच्या गल्लीत कुणाचातरी टीव्ही बिघडतो. यावर उपाय दोन, एक तर चार जणांनी मिळून बघायचं, याला कोऑपरेटिव्ह सेन्सिंग म्हणतात, नाहीतर टीसीकडचा चार्ट बघायचा, म्हणजे कुठल्या गावात कुठला चॅनल मोकळा आहे याचा डेटाबेस ठेवायचा. गेल्या वीसेक वर्षांतल्या या विषयातल्या कामाचा मोठा भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो, की रिकामं दिसतंय ते खरंच रिकामं आहे का. हा प्रश्न तुम्हाला रात्री झोपताना आठवत असेल तर हा विषय तुमचा, नसेल तर दुसरा घ्या, ईएनटीसीत विषयांना तोटा नाही.

आपल्याकडची गोष्ट तर यात फार भारी आहे. भारतात जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही दाखवणारं एक दूरदर्शनच, बाकी सगळं केबल आणि डिशवर, त्यामुळे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा बघितला तर १५ चॅनलपैकी किमान १२ जवळपास सगळीकडे मोकळे मिळतात, असं आयआयटी मुंबईच्या टीमनं हिशोब करून दाखवलं. आणि नुसता पेपर लिहून थांबले नाहीत, पालघर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये त्याच मोकळ्या टीव्ही बँडवरून इंटरनेट पोचवून दाखवलं. या फ्रिक्वेन्सी झाडं-झुडपं, लहान टेकाडं यातून वायफायपेक्षा बऱ्या जातात म्हणून खेड्यासाठी सोयीच्या. करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या वस्तीवर राहणाऱ्या पोरीला ऑनलाईन क्लासला नेट मिळत नाही आणि तिच्या डोक्यावरून मोकळी फ्रिक्वेन्सी वाया जातीय, हे चित्र एकदा डोक्यात बसलं की मग काम सोडवत नाही.

स्पेक्ट्रम एफिशिअन्सी म्हणजे फक्त कॉग्निटिव्ह रेडिओ नाही हेही लक्षात ठेवा. त्याच फ्रिक्वेन्सीवर शेकडो अँटेना लावून एकाच वेळी अनेकांशी बोलणं म्हणजे मॅसिव्ह मायमो, ४जी आणि ५जीनं एकच बँड वाटून घेणं, अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झमध्ये नौदलाच्या रडारसोबत मोबाईल नेटवर्क चालवणं, हे सगळं त्यातच येतं. पैशाच्या बाजूनं बघायचं तर २०२२ च्या लिलावात भारतात स्पेक्ट्रमला साधारण दीड लाख कोटी रुपये मोजले गेले. एवढी महाग वस्तू असल्यावर ती जपून वापरायला शिकवणाऱ्या माणसाला काम मिळणारच.

पायरी १: गणित, पण सगळं नाही

प्रोबॅबिलिटी आणि रँडम प्रोसेस, लिनिअर अल्जिब्रा, सिग्नल्स अँड सिस्टम्स. एवढंच. पण हे एवढं पक्कं. युनिव्हर्सिटीच्या पेपरात पास होण्यापुरतं नाही. प्रोबॅबिलिटी का म्हणाल तर सेन्सिंगमध्ये तुम्ही दोनच चुका करू शकता, सीट रिकामी असताना भरलेली समजणं म्हणजे फॉल्स अलार्म, आणि भरलेली असताना रिकामी समजणं म्हणजे मिस डिटेक्शन, एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते, आणि दोन्हीचा हिशोब प्रोबॅबिलिटीशिवाय मांडताच येत नाही. एनपीटीईएल या ऑनलाईन कोर्सच्या साईटवर आयआयटी कानपूरच्या आदित्य जगन्नाथम सरांचे वायरलेसचे कोर्स फुकट आहेत, वही घेऊन बसा आणि प्रत्येक गणित स्वतः सोडवा, नुसतं दीडच्या स्पीडला बघून काही होत नाही. एका चॅनलमधून जास्तीत जास्त किती डेटा जाऊ शकतो ते सांगणारं शॅननचं १९४८ चं सूत्र मात्र तोंडपाठ हवं आणि त्याचा अर्थही, की बँडविड्थ दुप्पट केली तर डेटा जवळपास दुप्पट जातो पण पॉवर दुप्पट केली तर चांगल्या सिग्नलला हर्ट्झमागे फक्त एक बिट वाढतो. स्पेक्ट्रमसाठी एवढी मारामारी का, ते या एका वाक्यात आहे.

सोबत पायथन शिका, नमपाय आणि मॅटप्लॉटलिब. कॉलेजात मॅटलॅब असेल तर तेही चालेल. यावर फार बोलण्यासारखं नाही, रोज तासभर, दोन महिन्यांत हात बसतो.

पायरी २: डोंगल घ्या आणि गच्चीवर जा

ही पायरी लोक टाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. आरटीएल-एसडीआर नावाचं यूएसबी डोंगल मिळतं, मुळात टीव्ही बघायला बनवलेलं, साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत काहीही ऐकतं, एका वेळी २.४ मेगाहर्ट्झचा तुकडा. दोन ते पाच हजारांच्या आसपास येतं, चौघांनी वर्गणी काढून घेतलं तर पिक्चर आणि पार्टीच्या खर्चाएवढंच पडतं. सोबत जीएनयू रेडिओ, जीक्यूआरएक्स ही सॉफ्टवेअर फुकट.

डोंगलसोबत चुंबकाची छोटी अँटेना येते, ती लोखंडी पत्र्यावर ठेवली तर चांगली चालते. माझ्याकडे पत्रा नव्हता तर मी आईचा भाकरीचा तवा गच्चीवर नेला, उपडा टाकून त्याच्या मधोमध अँटेना ठेवली, आणि खरंच फरक पडला, कारण त्या अँटेनाला खाली धातूची जमीन लागते, ग्राउंड प्लेन म्हणतात त्याला. आईला तवा संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी परत हवा होता म्हणून माझी पहिली सगळी रेकॉर्डिंग दुपारची आहेत.

पहिल्यांदा एफएम लावा, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. स्क्रीनवर वॉटरफॉल दिसतो, म्हणजे वेळ वरून खाली सरकतोय आणि जिथे सिग्नल आहे तिथे उभी चमकदार पट्टी. आकाशवाणी सोलापूरची पट्टी शोधा, निवेदक बोलताना ती कशी रुंदावते आणि थांबला की कशी बारीक होते ते बघत बसा. मी अर्धा तास बघत बसले होते. आयुष्यभर ऐकलेला आवाज डोळ्यांना दिसत होता.

आणि आता माझी चूक, ती तुम्ही करू नका. मी गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा ते, फुल्ल ठेवला होता, ४९.६ डीबी (डीबी म्हणजे किती पट ते सांगायचं माप, १० डीबी म्हणजे दहा पट), म्हणलं जेवढा जास्त तेवढं चांगलं दिसेल. एफएममध्ये मला सोलापुरात आहेत त्याच्या दुपटीहून जास्त स्टेशनं दिसली. मी सगळी मोजली, एक्सेलमध्ये टाकली, बँड एवढा एवढा भरलाय असा रिपोर्टही केला. प्रोजेक्टच्या रिव्ह्यूला एका सरांनी विचारलं, ही मधली स्टेशनं लावून ऐकलीस का गं? ऐकली नव्हती. घरी येऊन लावली तर प्रत्येकावर तोच कार्यक्रम, शेजारच्या स्टेशनचाच, फाटक्या आवाजात. जोरदार सिग्नलनी डोंगलचं पोट भरून गेलं होतं आणि ते आतल्या आत भुतं तयार करत होतं. ओळखायची सोपी युक्ती, गेन १० डीबीनं कमी करा. खरा सिग्नल १० डीबीनं खाली येतो, भूत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त खाली येतं किंवा गायबच होतं. तेव्हापासून मी कुठलंही मोजमाप दोन वेगवेगळ्या गेनवर केल्याशिवाय खरं धरत नाही, आणि कुणाचा पेपर वाचताना पण आधी गेन किती ठेवला होता ते शोधते.

दुसरा प्रसंग त्याच गच्चीवरचा. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. मी एक मोकळा पट्टा रेकॉर्ड करत होते, काहीच नाही, नुसता नॉइज म्हणजे खरखर, तेवढ्यात लाईट गेली. मागांची खडखड थांबली, आजूबाजूच्या घरातले एलईडी दिवे गेले, लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, आणि स्क्रीनवर नॉइजची रेघ चक्क खाली बसली. सहा-सात डीबी असेल. लाईट आली की परत वर. म्हणजे ज्याला मी ‘निसर्गाचा नॉइज’ समजत होते तो निम्म्याहून जास्त गल्लीचा नॉइज होता.

आता हे एवढं महत्त्वाचं का ते सांगते. सगळ्यात साधं सेन्सिंग म्हणजे एनर्जी डिटेक्टर, ठरवलेल्या रेघेच्या वर एनर्जी गेली की म्हणायचं कुणीतरी आहे. पण ती रेघ नॉइजवरून ठरते, आणि नॉइजच नक्की माहीत नसेल तर? तंद्रा आणि सहाय यांनी २००८ मध्ये गणितानं दाखवलं की नॉइजच्या अंदाजात नुसती १ डीबीची खोट असली तरी नॉइजच्या मानानं साधारण उणे ३.३ डीबीच्या खालचा सिग्नल एनर्जी डिटेक्टरला ओळखता येतच नाही, कितीही वेळ ऐकलं तरी. याला एसएनआर वॉल म्हणतात (एसएनआर म्हणजे सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण), भिंतच ती. आणि टीव्हीचा रिकामा बँड वापरण्यासाठी २०११ मध्ये आलेल्या ८०२.२२ स्टँडर्डची अपेक्षा काय, तर उणे ११५ डीबीएमच्या आसपासचा (डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटच्या मानानं किती डीबी) बारीक डिजिटल टीव्ही सिग्नल २ सेकंदात ओळखा, जो नॉइजच्या वीसेक डीबी खाली गाडलेला असतो. आमच्या गल्लीत एका क्षणात सहा डीबी हलतात. पुस्तकात एसएनआर वॉल वाचली असती तर एक सूत्र म्हणून सोडून दिली असती, गच्चीवर बघितल्यामुळे ती माझ्या पीएचडीचा विषय झाली.

दोन गोष्टी कायद्याच्या, हलक्यात घेऊ नका. एक, डोंगल फक्त ऐकतं, ट्रान्समिट करत नाही, पण म्हणून लोकांचे कॉल-मेसेज डिकोड करायच्या नादाला लागायचं नाही, आपल्याला कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती एनर्जी आहे एवढंच हवंय. दोन, प्लूटो किंवा यूएसआरपीसारखं ट्रान्समिट करणारं उपकरण कॉलेजच्या लॅबमध्ये मिळालं तर अँटेना लावून सोडायचं नाही, मधे सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर घालून केबलनंच रिसीव्हरला जोडायचं. हवेत सोडायचं असेल तर टेलिकॉम विभागाच्या डब्ल्यूपीसीकडून एक्सपेरिमेंटल लायसन काढावं लागतं, ते सरल संचार पोर्टलवरून होतं. लायसनशिवाय वापरायला मोकळे पट्टे आहेत, जसा वायफायचा २४०० ते २४८३.५, पण तिथेही पॉवरची मर्यादा आहेच. हॅम रेडिओची परीक्षाही देऊन टाका जमलं तर, बारा वर्षांपुढच्या कुणालाही देता येते, आणि अँटेना, फीडर, एसडब्ल्यूआर हे शब्द हाताला कळतात.

पायरी ३: एक छोटं काम पूर्ण करा

छोटं, पण पूर्ण. मी सुचवते ते असं, एकाच जागेवरून आठवडाभर एफएम आणि ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झ, जो मोबाईल टॉवरकडून फोनकडे येणारा पट्टा आहे, दोन्ही मोजा. एफएमचे २० मेगाहर्ट्झ एकदम दिसत नाहीत, डोंगलच्या कडांना सिग्नल पडतो म्हणून मधले २ मेगाहर्ट्झच वापरायचे आणि दहा उड्यांत पट्टा पूर्ण करायचा, दर पाच मिनिटांनी. पायथनची स्क्रिप्ट लिहा, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर सोडून द्या. मग ठरवा, कुठल्या रेघेच्या वर असेल तर ‘भरलेलं’ म्हणायचं, ती रेघ ३ डीबीनं हलवली तर उत्तर किती बदलतं ते काढा. उत्तर खूप बदलतं. तेच लिहा. नॅशनल फ्रिक्वेन्सी अलोकेशन प्लॅनची पीडीएफ टेलिकॉम विभागाच्या साईटवर आहे, ती शेजारी उघडून तुम्हाला दिसलेला प्रत्येक सिग्नल कुणाच्या घरात बसतो ते जुळवून बघा. ३३०० मेगाहर्ट्झचा ५जी या डोंगलला दिसणार नाही हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर दोन दिवस शोधत बसाल.

मशीन लर्निंगबद्दल सगळेच विचारतात. शिका, नक्की शिका, पण आधी हे करून मग. तयार डेटासेट घेऊन मॉड्युलेशन, म्हणजे सिग्नलवर माहिती कशी चढवलीय ते, ओळखायचं मॉडेल एका संध्याकाळी ट्रेन होतं आणि ॲक्युरसी छान येते, आणि तेच मॉडेल गच्चीवरच्या रेकॉर्डिंगला लावलं की पार ढेपाळतं. का ढेपाळतं याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला कुठलाही गाईड घेईल.

पायरी ४: पेपर वाचायला शिका

सुरुवातीला चार पुरेत. मिटोला-मॅग्वायर १९९९, सायमन हेकिन यांचा २००५ चा कॉग्निटिव्ह रेडिओवरचा, तो लांब आहे पण विषयाचा नकाशा त्यात आहे, तंद्रा-सहाय यांचा एसएनआर वॉलचा, आणि आयआयटी मुंबईचा टीव्ही व्हाइट स्पेसचा, म्हणजे मोकळ्या टीव्ही चॅनलचा. पहिल्या वाचनात फक्त आकृत्या आणि शेवट. दुसऱ्या वाचनात कुठलं गृहीतक धरलंय ते पेन्सिलनं खुणा करत. तिसऱ्यांदा एक ग्राफ निवडून तो स्वतः पायथनमध्ये काढायचा. ग्राफ जुळेपर्यंत सोडायचं नाही, जुळायला तीन आठवडे लागले तरी. पैसे भरायची गरज नाही, बरेच पेपर अर्काइव्ह (arXiv) या साईटवर सिग्नल प्रोसेसिंगच्या भागात फुकट मिळतात.

छापून आणायची घाई मात्र करू नका. फायनल इयरला मला एका जर्नलची मेल आली, तीन दिवसात ॲक्सेप्ट झालं, मी शिकवणीचे साठवलेले दोन हजार भरले आणि सर्टिफिकेट फ्रेम करून घरात लावलं. त्या पेपरात तीच भुताची स्टेशनं होती. कुणीच वाचला नव्हता. पुढे इंटरव्ह्यूला पॅनलनं तो पेपर काढून समोर ठेवला तेव्हा सांगावं लागलं की हे चूक आहे आणि का चूक आहे. तीन दिवसात ॲक्सेप्ट करणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. त्यापेक्षा एनसीसी म्हणजे आपली राष्ट्रीय कम्युनिकेशन कॉन्फरन्स, बंगळूरला होणाऱ्या कॉमस्नेट्स आणि स्पकॉम, इथे पाठवा. नाकारलं तरी रिव्ह्यू मिळतो, आणि नीट वाचून दिलेला एक रिव्ह्यू म्हणजे एका सेमिस्टरएवढं शिक्षण.

पायरी ५: गेट, गाईड आणि घरचे

एमटेक किंवा पीएचडीला जायचं तर गेट या प्रवेश परीक्षेचा ईसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर द्या. जागा निवडताना कॉलेजच्या नावाच्या आधी गाईड बघा, मागच्या तीन वर्षांत त्यांनी स्पेक्ट्रमवर काय लिहिलंय, त्यांचे विद्यार्थी आता कुठे आहेत. आयआयएससी बंगळूर, आयआयटी मुंबई, मद्रास, दिल्ली, कानपूर इथे या विषयाची परंपरा आहे, आणि आपल्याला सोयीची म्हणजे आयआयटी हैदराबाद, आपल्याच सोलापूर-हैदराबाद हायवेवर, शहराच्या अलीकडे संगारेड्डीजवळ कंदी गावात. घरचे लांब पाठवायला तयार नसतील तर हे सांगा, की रस्ता आपल्या दारावरूनच जातो. माझ्या पप्पांना हे पटलं होतं.

गाईडना मेल कशी लिहायची, तर ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड’ अशी नाही. अशा मेल त्यांना रोज येतात. पाच ओळी लिहा. तुमचा अमुक पेपर वाचला, त्यातली तिसरी आकृती मी काढून बघितली, अमुक ठिकाणी माझं उत्तर वेगळं येतंय, सोलापुरात आठवडाभर मोजलेला डेटा आणि कोड सोबत जोडलाय, उन्हाळ्यात दोन महिने तुमच्याकडे काम करता येईल का. मी अशा अकरा मेल पाठवल्या, दोघांची उत्तरं आली, एकीतून इंटर्नशिप मिळाली. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग पुढचं नाव.

पैशाचं घरी आकड्यात सांगा, कारण ‘रिसर्च’ म्हणलं की घरच्यांना वाटतं अजून पाच वर्षं पोरगी खर्चच करणार. गेटवरून एमटेकला महिना १२,४०० रुपये मिळतात. पीएचडीला सुरुवातीची फेलोशिप म्हणजे जेआरएफ २०२३ पासून ३७,००० आणि दोन वर्षांनी वरची म्हणजे एसआरएफ झाली की ४२,०००, घरभाडं मिळतं ते वेगळं. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप मिळाली तर ७०,००० पासून सुरुवात. श्रीमंती नाही, पण घरून मागावं लागत नाही. माझ्या वर्गातल्या दोन हुशार मुली फक्त हे आकडे माहीत नसल्यामुळे थांबल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे नोकऱ्या कुठे, तर क्वालकॉम, नोकिया, एरिक्सन, सॅमसंग यांची आरअँडडी केंद्रं आपल्याकडे आहेत, सरकारी बाजूला टेलिकॉमची सी-डॉट, मुंबईची समीर (SAMEER) ही संशोधन संस्था, डीआरडीओच्या लॅब, इस्रो, आणि शिकवायचं असेल तर कॉलेजं. एक वाट फार कमी जणांना माहिती असते, यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेतून इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिसला जाता येतं, म्हणजे देशाचा स्पेक्ट्रम कुणी कसा वापरायचा हे ठरवणाऱ्या आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्या खात्यात. २०२३ च्या टेलिकॉम कायद्यानं १८८५ आणि १९३३ चे जुने कायदे मागे पडले, नवे नियम लिहिले जातायत, आणि नियम लिहिणाऱ्या टेबलावर गच्चीवर डोंगल घेऊन बसलेलं माणूस असावं असं मला मनापासून वाटतं.

आणि लगेच करण्यासारखं एक काम

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते आणि सगळ्यांचे फोन अडकतात, हे आपण दरवर्षी अनुभवतो. त्या वेळी हवेत नेमकं काय होतं, कुठला पट्टा गच्च भरतो, कुठला शेजारीच रिकामा राहतो, तासातासाला कसं बदलतं, हे मोजलेलं मी तरी अजून कुठे बघितलं नाहीय. मैदानाजवळ कुणाच्या ओळखीचं घर असेल तर त्यांना विचारून त्यांच्या गच्चीवरून रेकॉर्ड करा. टॉवरचा काही सिग्नल रिकाम्या वेळीही चालू असतो, त्यामुळे नुसती एनर्जी आहे का नाही बघून चालणार नाही, पट्टा वेळेनुसार किती भरतो ते बघावं लागेल. तुलनेसाठी जत्रेआधीच्या साध्या दोन आठवड्यांचं रेकॉर्डिंग त्याच जागेवरून, त्याच अँटेनानं आणि त्याच गेनवर लागेल, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, म्हणजे डोंगल नोव्हेंबरातच हातात हवं आणि स्क्रिप्ट दिवाळीच्या सुट्टीत लिहून, चालवून, एकदा लाईट घालवून तपासलेली हवी.